करवंटीतला खुराक आणि रानातला जिराफ

नैरोबीच्या नैऋत्य कडेला लँगाटा नावाचा भाग आहे. तिथल्या जिराफ केंद्रात एक गोलाकार लाकडी मचाण आहे आणि उभ्या माणसाचा चेहरा जिराफाच्या चेहऱ्यासमोर यावा, अशा बेताने ते उंच बांधले आहे. येणाऱ्याच्या हाती नारळाची करवंटी दिली जाते, तीत खुराकाच्या दाबून केलेल्या बारीक गोळ्या असतात. कठड्यावरून हात पुढे केला की जिराफ मान खाली आणतो आणि जवळजवळ दीड फूट लांबीची, टोकाकडे जांभळट काळी पडलेली जीभ बाहेर काढतो. बाभळीच्या बोटभर काट्यांमधून नेमका पाला ओढून काढण्यासाठी घडलेली ती जीभ बोटांना वळसा घालून गोळी उचलते आणि तळहातावर चिकट लाळेचा पट्टा ठेवून जाते. कर्मचारी आधीच बजावतात, की एकेक गोळी द्या, दाखवून मागे घेऊ नका आणि करवंटी रिकामी झाली की मागे सरा, कारण जिराफ ढुशी देतो. ही धमकी पोकळ नसते. नर एकमेकांशी लढतात ते मानेचा झोका घेऊन डोके हाणूनच. केनियाच्या सहलीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे ठिकाण आता चांगले परिचयाचे झाले आहे. मसाई मारा, नाकुरू असे फिरून झाल्यावर परतीच्या दिवशी विमानाला वेळ असतो, तेव्हा दोनेक तास इथे जातात आणि घरातल्या लहानांच्या लक्षात बऱ्याचदा सिंहापेक्षा जास्त हा जिराफच राहतो.

या अनुभवाबद्दल दोन मते ठामपणे मांडली जातात. मुक्या जिवाला हाताने भरवताना माणसाच्या मनात जे जागे होते ते शंभर माहितीपटांनी होत नाही, असे एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे ही निव्वळ सर्कस आहे, फक्त तंबूच्या जागी झाडे आली आहेत. माझ्या मते दोन्ही बाजू मचाणाकडेच पाहत राहतात, म्हणून वाद सुटत नाही. हाताने भरवणे चांगले की वाईट, हे भरवणाऱ्याच्या आनंदावरून ठरत नाही आणि खाणाऱ्या जिराफाच्या समाधानावरूनही पुरते ठरत नाही. ज्या जिराफांपर्यंत कुणाचा हात कधीच पोचणार नाही, त्यांचे या व्यवहारातून काय झाले, हे पाहिल्याशिवाय निवाडा देता येत नाही. ही कसोटी लावली तर लँगाटाचे केंद्र बऱ्याच अंशी उतरते, काही ठिकाणी कमी पडते आणि त्याची नक्कल करणारी जगभरातली पुष्कळशी ठिकाणे उतरतच नाहीत.

केंद्राचा जन्म पर्यटनातून झालेला नाही. पश्चिम केनियात एल्डोरेटजवळ सोय नावाचे गाव आहे. तिथल्या 18 हजार एकरांच्या एका खासगी कुरणावर 1970 च्या दशकात सव्वाशेच्या आसपास रॉथशिल्ड जिराफ उरले होते. गुडघ्याखाली ठिपके नसलेला, पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा हा जिराफ. ते कुरण सरकारने घेतले होते आणि भूमिहीन कुटुंबांना तुकडे पाडून वाटले जाणार होते. नवस्वतंत्र देशात जमिनीची भूक खरी होती, तेव्हा हा निर्णय चुकीचा होता असे कुणी म्हणू नये. पण मक्याच्या शेतात जिराफाला जागा नसते. नैरोबीत राहणारे जॉक लेस्ली-मेलव्हिल आणि त्यांची अमेरिकन पत्नी बेटी यांनी तिथले एक मादी पिल्लू आपल्या लँगाटाच्या घरी आणले आणि बाटलीने दूध पाजून वाढवले. तिचे नाव डेझी. मागून मार्लन नावाचा नर आला. 1979 मध्ये या दांपत्याने एक निधी-संस्था स्थापली, सोयच्या उरलेल्या जिराफांचे कळप सुरक्षित जागी हलवण्यासाठी पैसा उभा केला आणि 1983 मध्ये हे केंद्र लोकांसाठी खुले झाले. मुख्य हेतू नैरोबीच्या शाळकरी मुलांना निसर्गशिक्षण देण्याचा होता. मचाण आणि करवंटी यांचे काम हे सगळे चालवण्यापुरती मिळकत करणे, हे होते. हा क्रम ध्यानात ठेवायला हवा. इथे आधी संकट आले, मग स्थलांतर झाले आणि खाऊ घालणे शेवटी आले. आज जगात जिथे जिथे जिराफाला भरवण्याचे तिकीट लावले जाते, तिथे बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो, किंवा पहिल्या दोन गोष्टी मुळी नसतातच.

पुढे काय झाले? सोयचे जिराफ लेक नाकुरू राष्ट्रीय उद्यानात आणि इतर राखीव क्षेत्रांत गेले. केंद्रात जन्मलेली पिल्लेही जराशी मोठी झाल्यावर रानात सोडली जाऊ लागली. व्हिक्टोरिया सरोवराजवळचे रुमा, मध्य केनियातले म्वेआ आणि उत्तरेकडचे नासालोट या ठिकाणी आज या जिराफांचे कळप आहेत. 2010 मध्ये रॉथशिल्ड जिराफ आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला, तेव्हा रानात 670 हूनही कमी उरल्याचा अंदाज होता. 2018 मध्ये त्याला त्या वर्गातून काढून कमी धोक्याच्या वर्गात टाकण्यात आले. वन्यजीवांच्या बाबतीत अशी उलटी वाटचाल क्वचित दिसते. तिचे सगळे श्रेय मात्र लँगाटाला देता येणार नाही. या जिराफांचा सर्वात मोठा कळप युगांडात, मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथल्या वन्यजीव खात्याने 2016 मध्ये काही जिराफ फेरीबोटीवर घालून नाईल नदीपलीकडे नेले, म्हणजे तेलविहिरी ज्या बाजूला होणार होत्या तिथून दूर. त्या कळपाचा आणि नैरोबीच्या करवंटीचा काही संबंध नाही. म्हणून मी म्हणेन एवढेच, की केनियातला रॉथशिल्ड जिराफ 1970 च्या दशकात शेतात विरून जायचा तो गेला नाही, आणि तो न जाण्यात या केंद्राचा वाटा स्पष्ट दाखवता येतो. एवढेही दाखवता येणारी भरवण्याची जागा दुसरी कोणती, हे शोधावे लागेल.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. माणसाच्या हातून खाणाऱ्या आईबापांची पिल्ले रानात टिकणार कशी? सिंहाला ओळखणार कशी? नाकुरूचा अनुभव या शंकेला अंशतः पुष्टी देतो. कुंपण घातलेल्या त्या उद्यानात जिराफ आधी चांगले वाढले, पुढे घटले. पिल्ले सिंहांच्या तोंडी जात होती आणि बंदिस्त जागेत चांगल्या पाल्यावर ताण पडत होता. पण नाकुरूतला मूळ कळप हाताने खाणाऱ्यांचा नव्हता, तो थेट सोयच्या कुरणावरून आलेला होता. त्याची अडचण माणसाळण्याची नव्हती. चहूबाजूंनी कुंपण आणि आत सिंह, ही ती अडचण होती. जन्मतः पावणेदोन-दोन मीटर उंच असलेले पिल्लूसुद्धा पहिले वर्ष ओलांडेपर्यंत सिंहांचे, तरसांचे सोपे भक्ष्य असते आणि हे आफ्रिकेत सगळीकडेच खरे आहे. आक्षेपातला जो भाग मला मान्य आहे तो असा : ज्या जिराफाला भरवले जाते त्याला रानात सोडू नये आणि ज्याला सोडायचे त्याला मचाणाची सवय लागू देऊ नये. हे बंधन पाळायला कठीण आहे, कारण पिल्लू हेच पर्यटकांचे सर्वात मोठे आकर्षण असते. पण ते पाळले नाही तर केंद्राचे प्रयोजनच उरत नाही.

दुसरा आक्षेप जिराफाच्या पोटाचा आहे आणि त्यावर भावनेपेक्षा पुरावा अधिक उपलब्ध आहे. जिराफ रवंथ करणारा प्राणी. गाईसारखेच चार कप्प्यांचे पोट, पण गाय गवत चरते आणि जिराफ झाडावरचा पाला, कोवळ्या काड्या, शेंगा, फुले खातो. पूर्ण वाढलेला जिराफ दिवसाला तीस किलोंहून अधिक पाला खातो आणि त्यासाठी दिवसाचे कितीतरी तास एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे फिरत असतो. जिभेला, ओठांना सतत काम असते. बंदिवासात हे काम संपते. पिष्टमय खुराक आणि लसूणघास समोर ठेवला की पोट लवकर भरते, आणि जिभेला करायला काही उरत नाही. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांची एक पाहणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात जिराफ आणि त्यांचे भाऊबंद ओकापी यांपैकी दर पाचांतल्या जवळजवळ चार प्राण्यांत निरर्थक हालचाली पुन्हा पुन्हा करण्याची लक्षणे दिसली, आणि त्यांतली सर्वाधिक आढळलेली म्हणजे भिंती, गज, कुंपण चाटत राहणे. जिराफ चाटतो आहे हे पाहून पर्यटकाला लाड वाटतात, पण ती जीभ मुळात पाला शोधत असते, हे तिथे सांगणारे कुणी नसते. शिवाय खुराकात पिष्टाचे प्रमाण वाढले आणि चोथा कमी पडला, की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढते. दुभत्या जनावरांना जास्त धान्य चारले तर काय होते, हे आपल्याकडच्या कुठल्याही गोठ्यात कळते.

या आक्षेपाला माझे उत्तर असे, की दोष हाताचा नाही, उरलेल्या तेवीस तासांचा आहे. लँगाटाच्या परिसरात सुमारे 140 एकरांचे स्थानिक झाडोऱ्याचे रान अजून टिकून आहे, तिथले जिराफ मचाणापासून दूर जाऊ शकतात, आणि जातातही. पोट भरलेले असले की ते कठड्याकडे फिरकत नाहीत आणि त्या वेळी त्यांना आमिष दाखवून बोलावणे हे मात्र खुशाल वाईट म्हणावे. गोळी ही मधल्या वेळच्या खाऊइतकीच राहिली, पाला मुख्य राहिला आणि निघून जाण्याची मुभा जिराफाकडे राहिली, तर भरवण्याने त्याचे बिघडत नाही. या तिन्ही अटी सिमेंटच्या आवारात दोन जिराफ ठेवून तिकिटे फाडणाऱ्या ठिकाणी पाळल्या जाणे शक्य नाही. गोळीऐवजी पाल्याची फांदी धरायला द्यावी, ही सूचनाही मला रास्त वाटते. तिने जिभेला काम मिळते आणि ती काट्यातून पाने कशी सोडवते हे पाहणाऱ्यालाही दिसते. आणि ओठांत गोळी धरून जिराफाकडून ‘चुंबन’ घेण्याची जी टूम पसरली आहे, ती तर कायमची थांबायला हवी. जिराफाची लाळ जंतुनाशक असते असे सांगून तिचे समर्थन केले जाते. पण माणसाकडून जनावराकडे जाणारे रोगही असतात आणि त्यांच्या विरुद्ध जिराफाला कुणी मास्क देत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वात अवघड वाटतो, कारण तो प्राण्याच्या शरीराबद्दल नाही, पाहणाऱ्याच्या मनाबद्दल आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी चिंपांझींवर 2008 आणि 2011 मध्ये काही अभ्यास प्रसिद्ध केले. माणसाच्या शेजारी उभ्या असलेल्या चिंपांझीचे छायाचित्र ज्यांना दाखवले, त्यांना रानातले चिंपांझी सुखरूप आहेत असे वाटण्याची शक्यता वाढली आणि चिंपांझी पाळायला हरकत नाही असे वाटण्याचीही. चिंपांझी प्रत्यक्षात संकटात आहेत. म्हणजे जवळीक दाखवणारे चित्र स्वतःहूनच एक खोटी बातमी सांगते : हा प्राणी तर इथेच आहे, त्याला काय झालंय! जिराफाच्या बाबतीत हा धोका दुप्पट आहे, कारण जिराफ आधीच सगळीकडे दिसतो. लहान मुलांच्या दप्तरांवर, कपड्यांवर, अंकलिपीत. त्याच्या दिसण्याची इतकी सवय झाली आहे की तो कमी होतो आहे हे कुणाच्या मनात येत नाही. निसर्गसंवर्धन संघाने 2016 मध्ये जिराफाला ‘असुरक्षित’ प्राण्यांत टाकले. 1985 मध्ये दीड लाखाच्या वर असलेले जिराफ 2015 पर्यंत 97 हजारांवर आले, असा तेव्हाचा हिशेब होता. पुढे मोजणी सुधारली, दक्षिणेकडे संख्या वाढली आणि चित्र बदलले. त्याच सुमारास जनुकीय अभ्यासातून दिसू लागले की जिराफ ही एक जात नसून चार आहेत, आणि संघाच्या तज्ज्ञगटाने 2025 मध्ये ती विभागणी मान्य केली. तिच्यानुसार रॉथशिल्ड जिराफ उत्तरी जिराफात मोडतो, आणि साऱ्या आफ्रिकेत उत्तरी जिराफ फक्त सात हजारांच्या आसपास आहेत. लाखाचा आकडा ऐकून निर्धास्त होणाऱ्याला हा सात हजारांचा आकडा ऐकवायला हवा.

मग मचाणावर काढलेले छायाचित्रही चिंपांझीच्या छायाचित्रासारखेच नुकसान करत असेल का? करत असेल, असे मला वाटते. त्या मचाणावरून निघालेले हजारो फोटो रोज जगभर फिरतात. त्यांत सोय नसते, नाकुरू नसते, जमिनीचा प्रश्न नसतो. केंद्रालगतच्या जुन्या दगडी वाड्यात हॉटेल आहे. तिथे न्याहारीच्या टेबलावर खिडकीतून जिराफ मान आत घालतात. ते चित्र तर इतके मोहक आहे की त्यामागे संवर्धनाचा इतिहास आहे का, हे कुणी विचारतही नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये नाकुरूजवळच्या सोयसाम्बू संरक्षित क्षेत्रात विजेच्या तारांचा धक्का बसून रॉथशिल्ड जिराफच मेले. तारा जिराफाच्या उंचीपेक्षा खाली होत्या. एवढी साधी गोष्ट. खांब थोडे उंच हवे होते. हे मरणारे जिराफ कुणाच्याही फोटोत नसतात. पण त्यांना वाचवणारा निर्णय वीजमंडळाच्या कचेरीत होतो आणि तो होण्यासाठी लोकांनी आवाज उठवावा लागतो. भरवण्याने निर्माण होणारी माया त्या कचेरीपर्यंत पोचते का, हा खरा प्रश्न आहे. छायाचित्राच्या अभ्यासातून मी एवढेच घेतो, की नुसती जवळीक पुरेशी नाही, एकटी सोडली तर ती उलट दिशेनेही नेते. तिच्या जोडीला माहिती द्यावी लागते आणि तीही मचाणावरच, करवंटी हातात असताना. बाहेर पडताना भिंतीवर लावलेला तक्ता कुणी वाचत नाही.

भरवण्यावाचून काही अडत नाही, हे सिद्ध करणारा देश म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला नायजर. पश्चिम आफ्रिकी जिराफ हाही उत्तरी जिराफाचाच प्रकार. एकेकाळी सेनेगलपासून चाडपर्यंत पसरलेला. 1990 च्या दशकाच्या मध्यास त्यांतले जेमतेम 49 उरले, तेही राजधानी नियामेपासून फार लांब नसलेल्या कुरे नावाच्या मुलखात, ज्वारी-बाजरीच्या शेतांच्या कडेने. तिथे कुंपण नव्हते, सिंहही नव्हते, पण शिकार होती, सरपणासाठी झाडतोड होती. सरकारने शिकारीवर कडक बंदी आणली, संवर्धन संस्थांनी गावकऱ्यांना कर्जे, विहिरी, शेतीची मदत दिली आणि गावातलीच माणसे वाटाडे झाली. पर्यटक वाटाड्याबरोबर पायी जाऊन जिराफ पाहतो आणि परत येतो. खाऊ घालत नाही. आज तिथे सहाशेच्या वर जिराफ आहेत, आणि 2018 मध्ये त्यांतले आठ गाडाबेजी या दूरच्या राखीव क्षेत्रात हलवण्यात आले, पन्नासेक वर्षांनंतर तिथे जिराफ परत यावेत म्हणून. केनियाच्या मानाने नायजर कितीतरी गरीब. त्याने हे मचाणाशिवाय केले. त्यामुळे ‘भरवले नाही तर लोकांना जिराफाची आच लागणार नाही’ हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही. कुरेच्या शेतकऱ्यांना आच लागली ती जिराफ त्यांच्या पिकांत शिरत असूनही, कारण त्याच्या असण्यात त्यांचा वाटा होता.

पण नायजर माझ्या कसोटीला बाध आणत नाही, उलट तिचे बळ वाढवतो. तिथेही मोजले जाते ते रानातले जिराफ. आणि खुद्द केनियात भरवण्याचा एक असा उपयोग झाला आहे, जो या वादात क्वचितच आठवला जातो. बारिंगो सरोवराच्या काठी पोकोट आणि इल चामुस या दोन समाजांत जनावरे आणि चराईवरून पिढ्यान्‌पिढ्या रक्तपात होत आला होता. दोन्हींतल्या वडीलधाऱ्यांनी मिळून रुको हे सामूहिक संवर्धनक्षेत्र स्थापले, आणि 2011 मध्ये सरोवरातल्या लोंगिचारो या भूशिरावर रॉथशिल्ड जिराफ आणून सोडले. या मुलखातून ते केव्हाच नाहीसे झाले होते. पुढे सरोवराचे पाणी वाढत गेले, भूशिराचे बेट झाले, बेट आकसत चालले. पाला संपत आला तसे वनरक्षक होडीतून चारा नेऊन टाकू लागले. शेवटी जिराफांना सोडवायचे ठरले. भूल देणे जिराफाच्या बाबतीत फार जोखमीचे. एवढ्या उंच मानेतून रक्त मेंदूपर्यंत चढवणारा दाब भूल दिल्यावर ढासळतो आणि जनावर कोसळले तर मान मोडू शकते. म्हणून शक्यतो भूल टाळण्यासाठी पोलादी पिंपांवर तरंगणारा, उंच कडा असलेला चौकोनी तराफा बांधण्यात आला, आणि रक्षकांनी कित्येक दिवस आवडीच्या शेंगा आणि फळे दाखवून जिराफांना त्यावर यायची, उभे राहायची, परत जायची सवय लावली. असिवा नावाची मादी 2020 च्या डिसेंबरमध्ये सर्वात आधी पलीकडे गेली. एप्रिल 2021 पर्यंत सगळे नऊ जिराफ, त्यांत बेटावरच जन्मलेले एक पिल्लूही, मुख्य भूमीवरच्या कुंपण घातलेल्या रानात सुखरूप उतरले.

इथे हाताने खाऊ घालणे होते, पण त्यात करमणूक नव्हती. जिराफाने विश्वासाने पाय टाकावा एवढ्यासाठीच ते होते आणि पलीकडे पोचल्यावर ते थांबवण्यासाठीच सुरू केले होते. लँगाटातल्या मचाणाने ज्या गोष्टीचे प्रदर्शन मांडले तीच गोष्ट बारिंगोत औजार झाली. एकेकाळी एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या दोन समाजांची माणसे त्या तराफ्यासाठी एकत्र राबत होती, हे मला जिराफ वाचण्याइतकेच मोलाचे वाटते.

आणखी एक आक्षेप राजकीय आहे आणि तो केनियन लोकच करतात. गोऱ्या कुटुंबाचे घर, गोऱ्यांचे लाड, परदेशी पर्यटकांचे डॉलर : या सगळ्यात केनियातल्या माणसाचे काय? त्याची जमीन राखीव क्षेत्रात गेली, त्याच्या मुलाने जिराफ कधी पाहिला नाही. हे दुखणे खरे आहे. केनियाची जगप्रसिद्ध उद्याने असंख्य केनियन मुलांना परवडत नाहीत. जीप, इंधन, प्रवेशशुल्क हे सगळे मिळून ते जग पाहुण्यांचेच होऊन बसले आहे. याच निकषावर जिराफ केंद्राची बाजू मला सर्वात भक्कम वाटते. तिथे जीप लागत नाही. शाळेची बस येते, मुले उतरतात, मचाणावर चढतात. परदेशी पाहुण्यांच्या तिकिटातून निसर्गशिक्षणाचे कार्यक्रम चालतात, देशभरातल्या शाळकरी मुलांसाठी पर्यावरणविषयक निबंधांच्या व चित्रांच्या स्पर्धा होतात. नैरोबी राष्ट्रीय उद्यानात खरेखुरे रानटी मसाई जिराफ आहेत. केंद्रापासून ते उद्यान फार लांब नाही. पण तिथे ठरावीक जागा सोडून गाडीबाहेर पाय टाकायला आणि प्राण्यांना काही खायला द्यायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. एकाच शहरात कुंपणाच्या आत एक नियम आणि रानात दुसरा, हे मला विसंगत वाटत नाही. मुलाला आत शिकवायचे ते बाहेर हात आखडता घेण्यासाठीच.

हे सगळे मान्य केले तरी ‘मग आपल्याकडेही असे केंद्र का नको?’ या प्रश्नाला माझे उत्तर नकाराचे आहे. कोलकाता, मैसूर, पाटणा अशा मोजक्या प्राणिसंग्रहालयांत जिराफ आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 38-जे कलमाने प्राणिसंग्रहालयातल्या कुठल्याही प्राण्याला डिवचायला, इजा करायला आणि खायला घालायला बंदी केली आहे. हे कलम काहींना जाचक वाटते, मला ते शहाणपणाचे वाटते. भारतात रानटी जिराफ नाही. इथल्या भरवण्याच्या हिशेबाला दुसरी बाजूच असणार नाही. मिळकत होईल, फोटो निघतील, पण सोडायला रान नाही आणि वाचवायला कळप नाही. शिवाय आपल्याला भरवण्याची सवय लावून घ्यायची गरजच नाही, ती आधीच हाताबाहेर गेली आहे. गेटवेहून घारापुरीला किंवा मांडव्याला निघालेल्या लाँचवरून समुद्रपक्ष्यांना गाठ्या-वेफर्स उधळले जातात. घाटात गाड्या थांबवून माकडांना केळी आणि बिस्किटे दिली जातात, आणि मग तीच माकडे हातातली पिशवी हिसकावतात, चाकाखाली येतात, वाडीतल्या नारळी-पोफळींवर तुटून पडतात. या भरवण्यात पुण्याची भावना असते हे मला ठाऊक आहे. पण ते पुण्य प्राण्याच्या हिशेबात जमा होत नाही. लँगाटात एका जातीला वाचवण्यासाठी कुंपणाआड जे केले गेले, ते घाटात कुठल्याही जातीला न वाचवता उघड्यावर केले जाते आहे.

केनियाला जाणाऱ्या मराठी पर्यटकाने लँगाटाला जाऊच नये, असे मला म्हणायचे नाही. जावे, मुलांना न्यावे, जिराफाची जीभ हाताला लागू द्यावी. पण तिथल्या मार्गदर्शकाला दोन-तीन प्रश्न विचारावेत. इथे गेल्या काही वर्षांत जन्मलेली पिल्ले कुठे गेली? त्यांतली किती आज जिवंत आहेत? आपल्या तिकिटातला वाटा रुमाला किती, शाळांना किती? सहल कंपन्यांनीही हे प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत छापायला हरकत नाही. त्याने सहल महाग होत नाही. आणि केंद्राने त्यांची उत्तरे मचाणाच्या कठड्यावरच लावावीत. कुठला जिराफ ढुशी देतो हे जसे ठळक सांगितले जाते, तसे त्याचे कुठले पिल्लू कुठल्या रानात सोडले, ते केव्हा शेवटचे दिसले, हेही तारखेसह सांगावे. मेले असेल तर तेही लिहावे, आणि कशाने, तेही लिहावे. सिंहाने, दुष्काळाने की खाली लोंबणाऱ्या तारेने.